मार्कांच्या पलीकडची शिष्यवृत्ती : अमेरिकेत शाळकरी मुलांचं 'नेतृत्व' मोजतात तरी कसं?

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की अमेरिकेतल्या गावोगावच्या वर्तमानपत्रांत एका ठरावीक धाटणीची बातमी दिसते. आपल्या हायस्कूलच्या अमुक विद्यार्थिनीला नेतृत्व आणि समाजसेवेबद्दल इतक्या हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. फोटोखालच्या मजकुरात तिच्या मार्कांचा उल्लेख असलाच तर ओझरता असतो. तिने गावातल्या फूड बँकेसाठी काय केलं, शाळेत काय बदल घडवून आणला, यावरच सगळा भर. तिथल्या मराठी घरांत ही बातमी व्हॉट्सॲपवर फिरते आणि पाठोपाठ प्रश्न येतात. परीक्षा कुठली होती? कट-ऑफ किती लागला? आमच्या मुलीचे मार्क हिच्यापेक्षा चांगले आहेत, मग तिला का नाही?

प्रश्न रास्त आहेत. स्कॉलरशिप म्हटलं की आपल्याला चौथी-सातवीची परीक्षा आणि गुणवत्ता यादी आठवते. इथे परीक्षा नाही आणि यादीही नाही. माणसं अर्ज वाचतात, मुलांशी बोलतात आणि निवड करतात. ही पद्धत ओळखीची नसल्यामुळे काही पालक मुलांना समाजसेवेचे तास जमवायला पिटाळतात, तर काही जण 'हे सगळं वशिल्याचं काम' म्हणून नाद सोडतात. दोन्हींत नुकसान मुलांचंच होतं.

आधी शिष्यवृत्तीच्या जाती ओळखू

अमेरिकेत कॉलेजसाठी मिळणारी मदत ढोबळमानाने दोन कारणांनी मिळते. पहिलं कारण गरज. कुटुंबाचं उत्पन्न आणि बचत पाहून ही मदत ठरते, आणि त्यासाठी 'फाफ्सा' नावाचा सरकारी अर्ज भरावा लागतो. केंद्र सरकारचं पेल ग्रँट हे यातलं सर्वांत मोठं नाव. २०२४-२५ या वर्षी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. दुसरं कारण गुणवत्ता, म्हणजे मार्क, खेळ, संगीत यांतली चमक.

नेतृत्व आणि समाजसेवेच्या शिष्यवृत्त्या या दुसऱ्या घरातल्याच, पण त्यांची गुणवत्तेची व्याख्या वेगळी आहे. 'तू किती हुशार आहेस' यापेक्षा 'तुझ्या असण्याने आजूबाजूच्या लोकांना काय फरक पडला' हा त्यांचा प्रश्न असतो. मार्क अजिबात पाहत नाहीत, असं मात्र नाही. कोका-कोला स्कॉलर्स या प्रसिद्ध शिष्यवृत्तीला अर्ज करायला जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी श्रेणी, किमान ३.० लागते. ही अट बऱ्यापैकी अभ्यास करणारा कोणताही विद्यार्थी पार करतो. निवडीची खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. काही शिष्यवृत्त्या दोन्ही कारणं एकत्र करतात. एल्क्स या बंधुसंघाची 'मोस्ट व्हॅल्युएबल स्टुडंट' शिष्यवृत्ती देशभरातल्या ५०० मुलांना मिळते आणि ती अभ्यास, नेतृत्व, सेवा यांच्या जोडीला आर्थिक गरजही पाहते.

ही कल्पना आली कुठून?

वंशावळ शोधत गेलं तर आपण इंग्लंडमध्ये, १९०२ साली उघडलेल्या एका मृत्युपत्रापाशी पोहोचतो. सेसिल ऱ्होड्स या साम्राज्यवादी धनाढ्याने ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती ठेवली आणि नुसते किताबी किडे नकोत असं बजावलं. अभ्यास, खेळ, दुर्बलांविषयीची कणव आणि पुढाकार घेण्याची उपजत वृत्ती असे निकष त्याने घातले. त्या माणसाचं राजकारण आज कुणी डोक्यावर घेणार नाही, आणि स्त्रियांना ही शिष्यवृत्ती मिळायला १९७७ साल उजाडावं लागलं. पण त्या मृत्युपत्रातली एक सूचना मला आजही शहाणपणाची वाटते. काही गुणांचे मार्क उमेदवाराच्या वर्गमित्रांनी मतदान करून द्यावेत, असं त्यात लिहिलं होतं. कोण खरोखर मदतीला धावतं आणि कोण फक्त पाहुण्यांसमोर धावतं, हे बरोबरीच्या मुलांइतकं कुणालाच कळत नाही.

अमेरिकेत १९२१ साली नॅशनल ऑनर सोसायटी सुरू झाली. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हे तिने आपले चार खांब मानले. आज गावातल्या छोट्यातल्या छोट्या शिष्यवृत्तीच्या अर्जातही हेच चार शब्द भेटतात. १९४५ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मोअरहेड शिष्यवृत्ती स्थापन झाली. तिचं आजचं नाव मोअरहेड-केन. ऱ्होड्सचा नमुना पुढे ठेवून ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आखली गेली. मग कंपन्या आल्या. कोका-कोलाने आपल्या शताब्दीच्या निमित्ताने १९८६ साली फाउंडेशन काढलं. ते आता दर वर्षी १५० मुलांना प्रत्येकी २०,००० डॉलर देतं.

कंपन्या हे का करतात? नाव होतं, करात सवलत मिळते, आणि होतकरू मुलांशी आयुष्यभराचं नातं जुळतं. यात लपवण्यासारखं काही नाही. खासगी फाउंडेशनला शिष्यवृत्त्या वाटायच्या असतील तर निवडीच्या पद्धतीला आयआरएस या कर खात्याची आधी मंजुरी घ्यावी लागते. निवड वस्तुनिष्ठ आणि भेदभावाविना व्हावी, ही त्यातली मुख्य अट. वशिल्याची शंका घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मालकाला वाटलं म्हणून पुतण्याला चेक फाडून दिला, असं कायद्याने करता येत नाही.

नेतृत्व म्हणजे अध्यक्षपद नव्हे

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. अर्जात 'नेतृत्व' हा रकाना दिसला की मुलं पदं मोजायला लागतात. रोबोटिक्स क्लबची उपाध्यक्ष, स्पॅनिश क्लबची खजिनदार, वर्गप्रतिनिधी. अमेरिकेत हजारो हायस्कूल आहेत आणि प्रत्येक शाळेत डझनावारी क्लब आहेत. म्हणजे दर वर्षी अध्यक्षांची लाखोंनी भरती होते. निवड समितीपुढे आलेल्या जवळपास प्रत्येक अर्जात एखादं अध्यक्षपद असतंच. त्यावरून कुणाला निवडणार?

समिती शोधते ती जबाबदारी. काहीतरी अडलं होतं, ते कुणाच्या तरी लक्षात आलं, त्याने किंवा तिने इतरांना सोबत घेतलं आणि परिस्थिती बदलली, ही साखळी अर्जात दिसली पाहिजे. समजा, एका मुलीच्या लक्षात आलं की शाळेत नव्याने आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या पालकांना शाळेच्या सूचनाच कळत नाहीत. तिने चार भाषा येणारे चार मित्र जमवले, महत्त्वाच्या सूचनांची भाषांतरं सुरू केली, मुख्याध्यापकांना गाठून ते काम शाळेच्या कार्यालयाशी जोडून घेतलं. ती शाळा सोडून गेल्यावरही ते चालू राहिलं. तिच्याकडे कुठलंही पद नव्हतं. तरीही हे नेतृत्व आहे, आणि अनुभवी वाचकाला ते दोन ओळींत कळतं.

'ती शाळा सोडून गेल्यावरही चालू राहिलं' हा भाग फार मोलाचा. एका शनिवारी समुद्रकिनारा झाडला, हे चांगलंच काम आहे. पण त्या किनाऱ्यावर कचऱ्याचे डबे बसावेत म्हणून नगर परिषदेच्या सभेत तीन वेळा उभं राहून बोललेली मुलगी समितीच्या जास्त लक्षात राहते. तिने प्रश्नाच्या मुळाशी हात घातलेला असतो.

मग अबोल मुलांचं काय? त्यांनाही दारं उघडी आहेत. पुढे उभं राहून भाषण करणं हा नेतृत्वाचा फक्त एक प्रकार झाला. वृद्धाश्रमात दोन वर्षं दर आठवड्याला जाऊन तिथल्या आजोबांना व्हिडिओ कॉल लावून देणारा, आणि पुढे त्यासाठी सोप्या चित्रांची पुस्तिका तयार करणारा मुलगा व्यासपीठावर कधीच चढलेला नसतो. त्याची गोष्ट शिफारसपत्र लिहिणाऱ्याने नीट सांगायला हवी. म्हणून शिफारसपत्र सर्वांत मोठ्या हुद्द्याच्या ओळखीच्या माणसाकडून न घेता, ज्याने मुलाचं काम डोळ्यांनी पाहिलंय त्याच्याकडून घ्यावं. आमदारांच्या लेटरहेडवरचं कोरडं पत्र आणि ग्रंथपालबाईंनी लिहिलेलं दोन पानी आपुलकीचं पत्र यांत दुसरं केव्हाही वजनदार ठरतं.

तास किती लागतात?

हा प्रश्न इतका वेळा विचारला जातो, कारण तासांची भाषा मुलांना व्यवस्थेनेच शिकवली आहे. मेरीलँड राज्यात हायस्कूलचा दाखला मिळवायला ७५ तास 'सर्व्हिस लर्निंग', म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून समाजसेवा, करावं लागतं. सगळ्या राज्यात अशी अट घालणारं ते देशातलं पहिलं राज्य. अमेरिकी संसदेने १९७९ साली सुरू केलेल्या काँग्रेशनल अवॉर्डच्या सुवर्णपदकासाठी इतर गोष्टींसोबत ४०० तासांची स्वयंसेवा लागते. ही पदकं मिळवण्यात शिस्त आणि चिकाटी लागते, त्याबद्दल आदर आहेच.

पण ठरलेले तास पूर्ण केले की असं पदक मिळतंच. शिष्यवृत्तीचं तसं नाही, तिथे स्पर्धा असते. तिथे ६०० तास लिहिणाऱ्याच्या वर १५० तासवाला जातो, आणि ते योग्यही असतं. तास हे कामाला दिलेल्या वेळेचं माप आहे. त्यातून काय उभं राहिलं, हे त्यावरून कळत नाही. बारा संस्थांत वाटलेल्या २०० तासांपेक्षा एकाच ठिकाणी तीन वर्षं टिकून दिलेले १५० तास बरंच काही सांगून जातात. पहिल्या वर्षी पोती उचलली, दुसऱ्या वर्षी नवीन स्वयंसेवकांना शिकवलं, तिसऱ्या वर्षी वेळापत्रक आखलं, अशी वाढ त्यात दिसते. मराठी शाळेत रविवारी लहानग्यांना शिकवणाऱ्या मुलांना आपलं काम 'घरचंच' वाटतं आणि ती ते अर्जात लिहीतच नाहीत. जरूर लिहावं. समाजसेवेचा समाज अनोळखीच असला पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

निवड प्रत्यक्षात कशी होते?

मोठ्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांत चाळणी टप्प्याटप्प्याने लागते. कोका-कोलाचं उदाहरण घेऊ. अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस बंद होतो. अलीकडच्या वर्षांत तो भरणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. पहिल्या फेरीत निबंध मागत नाहीत, फक्त उपक्रमांची माहिती भरायची असते. त्यातून उपांत्य फेरीत गेलेल्यांकडून निबंध, गुणपत्रक आणि शिफारसपत्र घेतात. पुढे सुमारे २५० जणांच्या मुलाखती होतात आणि १५० जण निवडले जातात.

लाखात दीडशे. हार्वर्डला प्रवेश मिळण्याची शक्यता यापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून मोठ्या नावांवरच आशा लावून बसणं मला चुकीचं वाटतं. गावातली कम्युनिटी फाउंडेशन, रोटरी क्लब, क्रेडिट युनियन म्हणजे सहकारी पतसंस्था, आईवडील नोकरी करतात ती कंपनी, एखाद्या दिवंगत शिक्षिकेच्या नावाने माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेली ठेव, अशा ठिकाणी ५०० ते २,००० डॉलरच्या शिष्यवृत्त्या असतात आणि स्पर्धा फक्त त्या गावापुरती किंवा त्या शाळेपुरती असते. दिसायला रक्कम लहान, पण मिळण्याची शक्यता खरी. शिवाय निवड करणाऱ्यांनी मुलाचं काम बऱ्याचदा स्वतः पाहिलेलं असतं.

हे सधन घरांतल्या मुलांसाठीच नाही का?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो बराचसा खरा आहे. ज्या मुलाला शाळेनंतर आई गाडीने स्वयंसेवेला सोडते, त्याला सेवा करायला वेळ मिळतो. जो शाळेनंतर दुकानात काम करून घरभाड्याला हातभार लावतो किंवा धाकट्या भावंडांना सांभाळतो, त्याच्या अर्जातला 'समाजसेवा' हा रकाना रिकामा राहतो. उन्हाळ्यात हजारो डॉलर भरून परदेशात 'सेवा' करून आलेल्या मुलाचे फोटो मात्र झकास असतात.

यावर बोलणं सुरू झालं आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या 'मेकिंग केअरिंग कॉमन' या प्रकल्पाने २०१६ साली कॉलेजप्रवेशाबद्दल एक अहवाल काढला. घर चालवायला मदत करणं, भावंडांचा सांभाळ करणं हेही योगदानच आहे आणि ते तसंच मोजलं पाहिजे, अशी त्यात शिफारस होती. शेकडो कॉलेजांसाठी चालणाऱ्या 'कॉमन ॲप' या सामाईक अर्जात उपक्रमांच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा स्वतंत्र प्रकार आहे. त्या यादीत दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरांची जागा असते. शिष्यवृत्तीच्या समित्याही या बाजूला सरकू लागल्या आहेत. तरी पुरेशा नाहीत. माझ्या मते प्रत्येक अर्जात 'घरी तुमच्यावर काय जबाबदारी आहे?' हा प्रश्न पहिल्याच पानावर हवा. तोवर मुलांनीच ते न संकोचता लिहावं. आजीला डायलिसिसला नेणं, आईवडिलांची कागदपत्रं भरणं यात लाजण्यासारखं काही नाही.

मग ही सेवा मनापासूनची की अर्जासाठीची?

सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात दोन्ही असणार. आपल्या मोठ्या माणसांच्या कामातही दोन्ही असतंच. पहिल्या दिवशी तो अर्जासाठी गेला असेल. पण दीड वर्षाने एखादा आजारी माणूस त्याची वाट पाहायला लागला, म्हणून जाणं त्याला टाळता येत नसेल, तर ती सेवा खोटी कशी म्हणायची? उलट, अर्ज भरल्याच्या दुसऱ्या आठवड्यात जो जाणं बंद करतो त्याचंही कळतं. म्हणून मुलाखतीत 'हल्ली तिथे काय चाललंय?' असा साधा प्रश्न येतो. ज्याचं जाणं चालू आहे तो माणसांची नावं घेऊन बोलतो.

पैसे मिळाले, पण हातात आले का?

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक कुटुंबांचं दुर्लक्ष होतं ती. शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा थेट कॉलेजकडे जाते, आणि कॉलेज त्यानुसार स्वतः देऊ केलेली मदत कमी करू शकतं. याला 'स्कॉलरशिप डिस्प्लेसमेंट' म्हणतात.

मदतीचं पॅकेज म्हणजे काठापर्यंत भरलेलं पातेलं समजा. त्याचा काठ कायद्याने आणि कॉलेजच्या नियमांनी ठरलेला असतो. तुम्ही वरून नवीन पाणी ओतलं की तेवढंच आतलं काढावं लागतं. आतलं कुठलं पाणी काढतात, यावर सगळं अवलंबून आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च ४०,००० डॉलर, कुटुंबाने भरायचे १५,०००, म्हणजे गरज २५,००० ची. कॉलेजने ती अशी भागवली : १५,००० अनुदान, ५,००० कर्ज आणि ५,००० कॅम्पसवरच्या नोकरीतून. आता मुलीला बाहेरून ८,००० ची शिष्यवृत्ती मिळाली. चांगलं कॉलेज कर्जाचे ५,००० आणि नोकरीतले ३,००० कमी करेल. मुलगी कर्जातून सुटली, अभ्यासाला वेळ मिळाला. दुसरं कॉलेज अनुदानातूनच ८,००० कापेल. कर्ज तसंच, नोकरी तशीच, आणि दोन वर्षांच्या कष्टांचा फायदा कॉलेजच्या तिजोरीला.

मला हे अन्यायाचं वाटतं. काही राज्यांनाही वाटलं. मेरीलँडने २०१७ साली आपल्या सरकारी कॉलेजांपुरता यावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा केला. पुढे कॅलिफोर्नियासह आणखी काही राज्यांनी आपापल्या पद्धतीने तसे कायदे केले. बाकी ठिकाणी कॉलेजच्या धोरणावर सगळं चालतं. त्यामुळे प्रवेश पक्का करण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसला लेखी विचारावं : बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही आधी काय कमी करता? उत्तर मनासारखं नसेल, तर शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला रक्कम दोन वर्षांत विभागून द्यायची विनंती करता येते. बऱ्याच संस्था ती ऐकतात.

करांचाही एक धागा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीतून फी आणि सक्तीची पुस्तकं-साहित्य यांचा खर्च भागवला तर त्या रकमेवर केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही. तीच रक्कम राहण्या-जेवणावर गेली तर ती करपात्र उत्पन्न ठरते. पावत्या जपून ठेवा.

व्हिसावरच्या मुलांना अर्ज करता येतो का?

तिथल्या बऱ्याच मराठी घरांसाठी हाच प्रश्न कळीचा. कोका-कोलाला नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारखे काही गट चालतात, एच-४ वरची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आई किंवा वडिलांसोबत अवलंबित व्हिसावर राहणारी मुलं चालत नाहीत. एल्क्सला फक्त नागरिक चालतात. फाफ्साचा सरकारी पैसाही एच-४ वरच्यांना मिळत नाही. लहानपणापासून त्याच गावात वाढलेल्या, तिथेच सेवा केलेल्या मुलाला केवळ कागदामुळे बाहेर ठेवणं क्लेशकारक आहे.

तरी सगळी दारं बंद नाहीत. जॅक केंट कुक फाउंडेशनची शिष्यवृत्ती आर्थिक गरज पाहते, पण नागरिकत्वाची अट घालत नाही. विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या, जसं मोअरहेड-केन किंवा ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांची मिळून असलेली रॉबर्टसन, परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. स्थानिक संस्थांपैकी अनेकांच्या नियमांत 'या गावचा रहिवासी' एवढंच लिहिलेलं असतं. नियम शब्दशः वाचावेत आणि शंका आली तर संस्थेला फोन करावा.

अर्ज करायला पैसे मागत असतील तर

तिथेच थांबावं. खरी शिष्यवृत्ती 'प्रोसेसिंग फी' घेत नाही, बँक खात्याचा नंबर आधी मागत नाही आणि तुम्ही अर्जच केला नसताना 'तुमची निवड झाली' असं कळवत नाही. सुबक लेटरहेडवर 'राष्ट्रीय नेतृत्व परिषदे'चं निमंत्रण आलं आणि सोबत हजारो डॉलरचं बिल आलं, तर तो सन्मान नाही, ती सहल आहे. हौस म्हणून पाठवायला हरकत नाही, पण निवड समितीवर तिचा प्रभाव पडत नाही.

सुरुवात कधी करावी?

शाळेच्या काउन्सेलरच्या कार्यालयात स्थानिक शिष्यवृत्त्यांची यादी असते. ती दहावी-अकरावीतच मागून घ्यावी, म्हणजे कुठली संस्था काय पाहते हे वेळेत कळतं. मुलांनी केलेल्या कामाची साधी नोंदवही ठेवावी : तारीख, काय केलं, कुणासोबत, पुढे काय झालं. दोन वर्षांनी आठवणीतून लिहिलेला निबंध मोघम होतो. मोठ्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच बंद होतात, तर गावातल्यांचे बहुधा जानेवारी ते एप्रिलमध्ये येतात. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना अकरावीच्या उन्हाळी सुटीआधीच विचारून ठेवावं. सप्टेंबरमध्ये त्यांच्यापुढे कॉलेजच्या अर्जांची रांग लागलेली असते.